दुधाची कळ

आरती संपली होती. घंटा थांबली होती, सगळे डोळे मिटून उभे होते, आणि त्या शांततेत माझं पोट बोललं. आधी लांबून गाडी यावी तशी घरघर आली, मग एक मोठा सूर लागला, आणि शेवटी बुडबुड करत तो कुठंतरी विरला. शेजारी मोठ्या जाऊबाई, इंदुवहिनी, उभ्या होत्या. डोळे न उघडताच त्या हळूच म्हणाल्या, "शरयू, मृदंगाची साथ छानच आहे. पण जरा आधी धरत जा गं. आरती संपल्यावर काय उपयोग?"

आमचे हे मागं उभे होते. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं आणि बाहेर गेले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं, आम्हीही तेच म्हणायचो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग देवापुढच्या रिकाम्या चांदीच्या वाटीकडे पाहिलं, आणि निरांजनाची वात सारखी करत बसल्या. मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या वाटीचं सांगायला हवं. लग्न होऊन मी कुरुंदवाडला मुतालिकांच्या घरी आले तो माझा पहिला चातुर्मास. घरात कृष्णाची एक वीतभर मूर्ती होती. रोज पहाटे पहिल्या धारेचं निरसं, म्हणजे न तापवलेलं दूध त्या वाटीत घालून तिच्यापुढे ठेवायचं आणि घरातल्या एका बाईनं पाण्याचा थेंबही घेण्याआधी ते प्रसाद म्हणून उभ्यानं पिऊन टाकायचं, असा वसा होता. तो सुनेकडून सुनेकडे जायचा. मुलींना द्यायचा नाही, कारण मुली परक्या घरी जाणार. इंदुवहिनींनी तो घ्यायला आल्या आल्याच नकार दिला होता. उठल्याबरोबर चहा लागतो, देवाला फसवायला नको, असं त्यांनी आक्कांना सरळ सांगितलं होतं. मग राहिले मी. दसरा झाल्यावरच्या द्वादशीला वसा तुझ्या ओटीत घालते, असं आक्का म्हणाल्या होत्या, आणि तोवर सवय म्हणून रोज वाटीतलं अर्धं दूध त्यांनी प्यायचं आणि अर्धं मी, असं ठरलं.

मला तो वसा फार हवा होता. वेंगुर्ल्याला माहेरी परकर नेसत होते तेव्हापासून तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी कधी जेवले नव्हते. आजही जेवत नाही. इथं सासरी सगळंच दुसऱ्यांचं होतं. चूल इंदुवहिनींची, गोठा मामंजींचा, अंगणातली तुळससुद्धा आक्कांच्या हातची. ती वाटी तेवढी माझी होणार होती. रोज सकाळी कुणाला तरी माझी वाट पाहावी लागणार होती, मग तो देव का असेना.

आणि नेमकं तेच दूध माझ्या पोटात राहायला तयार नव्हतं.

घर सगळं दुधाचं. मामंजींच्या म्हशींचं दूध पेढेवाल्यांकडे जायचं आणि उरलेलं आम्ही पोटात घालायचो. ह्यांना तांब्याभर दूध एका दमात लागायचं. त्यात दधिव्रताचा महिना लागला. चातुर्मासातले चार महिने आमच्याकडे क्रमानं एकेक वस्तू सोडतात. पहिल्या महिन्यात भाज्या, दुसऱ्यात दही-ताक, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात डाळी. दुसऱ्या महिन्यात ताक बंद झालं, तसं रात्रीच्या जेवणाला दूधभात सुरू झाला, आणि माझ्या पोटातला मृदंग रोजचाच झाला. कळा यायच्या, पोट नगाऱ्यासारखं व्हायचं. ओवा झाला, हिंग झाला. वैद्यांनी हिरडा उगाळून दिला. पलीकडच्या बाई येऊन मीठमोहऱ्या ओवाळून गेल्या. इंदुवहिनींचं निदान सरळ होतं. त्या म्हणाल्या, कोकणातली ती, तिला दूध म्हटलं की नारळाचंच ठाऊक. म्हशीचं पाहून पोट बावरतंय.

माझं निदान वेगळं होतं. देव माझ्या हातून घेत नाही, असं मला वाटू लागलं. मग मी जे केलं ते आठवलं की आजही हसू येतं. देवाची समजूत काढायला श्रावणातल्या एका शनिवारी मी दिवसभर फक्त दुधावर उपवास धरला. दुपारपर्यंत मी परसातून घरात आणि घरातून परसात एवढा एकच प्रवास करत होते. संध्याकाळी हे म्हणाले, "शरयू, एवढ्या प्रदक्षिणा देवळाला घातल्या असत्यास तर देव केव्हाच प्रसन्न झाला असता."

त्या रात्री आक्का माझ्या उशाशी येऊन बसल्या. कपाळावरून हात फिरवला. म्हणाल्या, "सोसायला हवं गं. सोसवलं नाही तर वसा पेलायचा कसा?" त्या हे इतक्या मायेनं म्हणाल्या की मला रडू आलं.

भाद्रपदातली एकादशी झाली आणि क्षीरव्रत लागलं. महिनाभर दूध बंद. देवाच्या वाटीतसुद्धा दुधाऐवजी नुसतं तुळशीपाणी. इंदुवहिनी लिंबू पिळलेला काळा चहा पीत आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत. दही-ताक मात्र परत आलं होतं. मी भाकरीवर दही घेऊन खायचे, ताकभात खायचे, वाटीभर श्रीखंडही एकदा चाटूनपुसून खाल्लं. आणि चारच दिवसांत माझं पोट गप्प झालं. पितृपंधरवड्यात भूक लागायला लागली. नवरात्रात तर मी आरतीत सगळ्यांच्या वर आवाज लावत होते, आणि हे म्हणत होते की आवाज पोटातून येतो हे खरं, पण आता कुठं तो योग्य वाटेनं यायला लागलाय. गालांवर रंग आला. आक्का समाधानानं पाहत राहायच्या. एकदा त्यांनी मामंजींना सांगितलेलं मी ऐकलं. देवानं पोरीला पदरात घेतलं, आता द्वादशीला मी मोकळी, असं त्या म्हणत होत्या.

दसऱ्याला जयूवन्सं आल्या. ह्यांच्याहून मोठी बहीण, पुण्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. मोठ्यानं हसायच्या, मोठ्यानं जांभया द्यायच्या, आणि आक्कांना न घाबरणारं त्या घरातलं एकच माणूस म्हणजे त्या.

एकादशीचा उपवास निर्जळी. द्वादशीला उजाडल्याबरोबर पारणं. आक्कांनी मला आपली हिरवी इरकल नेसायला दिली होती. देवापुढे दूध ठेवलं, आरती झाली, आणि त्या दिवशी आक्कांनी पहिल्यांदाच पूर्ण वाटी माझ्या हातात दिली. ती मी उभ्यानं प्यायले. पंगत बसली. वसा जेवणानंतर ओटीत घालायचा होता. नारळ, खण, तांदूळ सगळं तबकात तयार होतं. मी दुसरा घास घेतला असेल नसेल, आणि पोटात अशी कळ उठली की ताटाभोवतीची रांगोळी मला दोन-दोन दिसायला लागली. मी दात आवळून बसले. मग बसवेना. आमच्याकडे पंगत बसल्यावर मधूनच उठणं म्हणजे अन्नाचा आणि यजमानाचा अपमान. आणि तेही पारण्याला. मी उठले आणि परसाकडे धावले.

परत आले तेव्हा पानं उचलली होती. तबक कोनाड्यात ठेवून दिलेलं होतं. आक्का सोप्यावर बसल्या होत्या आणि खाली बघून बोलत होत्या. जे देवाला नको ते आपण ओढूनताणून करू नये, त्या म्हणाल्या. उद्यापासून इंदूनंच वाटी घ्यावी. शरयूनं दिवाळीपर्यंत माहेरी जाऊन यावं, प्रकृतीही सुधारेल. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता, आणि म्हणूनच मला कळलं की आता बोलून काही होणार नाही. मी खांबाला धरून उभी राहिले.

"म्हणजे माझा चहा गेला," इंदुवहिनी म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

जयूवन्सं सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "आक्का, गेला महिनाभर हिचं पोट दुखलं होतं का?"

"नाही. म्हणून तर वाटलं होतं की झालं सगळं सुरळीत."

"त्या महिन्यात घरात काय नव्हतं?"

आक्कांनी लेकीकडे असं पाहिलं, की जणू एकादशीला काय खायचं नसतं असं तिनं विचारलंय. "दूध नव्हतं. क्षीरव्रत होतं."

"आणि त्याच्या आदल्या महिन्यात?"

ह्याचं उत्तर इंदुवहिनींनी दिलं. "ताक बंद, म्हणून रात्री दूधभात. आणि रात्रभर मृदंग."

"मग देवाला कशाला मधे आणता?" वन्सं म्हणाल्या. "दूध पचवायला आतड्यात एक रस लागतो. तो कसा करायचा, ह्याची कृती प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून असते. तिला जनुक म्हणायचं. पण नुसती कृती असून भागत नाही. ती केव्हा चालू करायची, केव्हा बंद, ह्यासाठी एक कळ असते. शरयूची कळ बंद झालीय, एवढंच."

"बंद कुठं?" आक्का म्हणाल्या. "सकाळपासून कळच कळ येतेय तिला."

इंदुवहिनींनी पदर तोंडाला लावला. वन्सं आधी हसून घेतल्या, मग म्हणाल्या, "ती कळ नव्हे गं. दिव्याची असते तशी कळ. दाबायची."

"मग दिवा विझला म्हणजे बिघाडच ना तो?"

वन्संनी देवघराकडे बोट केलं. फळीवर लाल बासनांत बांधलेल्या पोथ्या होत्या. ह्या सगळ्या तू रोज वाचतेस का, असं त्यांनी विचारलं. रोज कशा वाचीन, आक्का म्हणाल्या, ज्या महिन्याची जी असेल ती उघडायची, बाकीच्या बासनात.

"मग बासनातली पोथी हरवलेली असते?"

"काहीतरीच तुझं."

"तसंच आहे हे. आपल्या अंगातल्या कणाकणात सगळ्या पोथ्या आहेत. डोळ्यात डोळ्याची तेवढी उघडलेली, आतड्यात आतड्याची. दुधाची पोथी तान्ह्या बाळाच्या आतड्यात रोज वाचली जाते. मूल जेवायला लागलं, आईचं सुटलं, की शरीर हळूहळू ती बासनात बांधायला लागतं. पारडू दूध पितं. म्हैस पिते का?"

"म्हशीला दूध कोण पाजेल?" मामंजी गोठ्याच्या दारातून म्हणाले. त्यांच्या आवाजात म्हशीबद्दल काळजी होती.

"माणसाचंही मुळात तेच," वन्सं म्हणाल्या. "शरीर एका वयात आपणहून क्षीरव्रत घेतं, आणि जगातली पुष्कळ माणसं ते जन्मभर पाळतात. फक्त काही घराण्यांत, मागं कधीतरी, कुणा गुराख्याची कळ उघडीच अडकून बसली आणि पुढच्या पिढ्यांत तशीच आली. बाबांच्या घराण्यात ती आहे. म्हणून बाबा पितात, हा शरयूचा प्राणेश पितो, मी पिते. व्रत मोडलेलं आहे ते आमचं, आक्का. शरयूचं शाबूत आहे. आणि ते तुम्ही रोज पहाटे तिला मोडायला लावताय."

ती कळ नेमकी कुठे असते, हे तेव्हा वन्संनाही ठाऊक नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं की शास्त्रज्ञांना ती सापडली, आणि गंमत म्हणजे दुधाच्या जनुकात नव्हेच, तर शेजारच्या जनुकाच्या हद्दीत. आक्का तेव्हा पुष्कळ थकल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "शेजाऱ्यांकडे असणार, हे मी आधीच सांगितलं असतं."

पण त्या सकाळी आक्का नुसतं पुटपुटल्या, "बाबांच्या घराण्यात." मग थोड्या वेळानं, "म्हणजे मुतालिकांच्यात."

"हो."

"आणि वाटी सुनांची."

त्या उठून माजघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, निकाल झाला. वन्सं माझ्याकडे बघून खांदे उडवत होत्या. मी आत जाऊन इरकल सोडली, घडी घातली, आणि माहेरी न्यायच्या दोन लुगड्यांकडे बघत बसले. तेवढ्यात आक्कांची हाक आली.

माजघरात त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बसवलं. बराच वेळ माझ्या हातातल्या बांगड्या मागंपुढं करत राहिल्या.

"आमच्या सासूबाईंनी मला वाटी दिली," त्या म्हणाल्या, "तेव्हा ओटी भरताना कानात सांगितलं होतं. पोटात कळ आली, की समजायचं प्रसाद पावला. सोसायचं, बोलायचं नाही. त्यांनाही त्यांच्या सासूबाईंनी हेच सांगितलेलं. तुझ्याही कानात मी आज हेच सांगणार होते. तू पाटावरून उठलीस."

मला कळायला वेळ लागला. "आक्का, म्हणजे तुम्हाला…"

"रोज. उन्हं तुळशीवरून उतरेपर्यंत. पूजा झाली की मी जपाला म्हणून दार लावून घेते ना? कसला जप? पडून असते."

"रोज? इतकी वर्षं?"

"क्षीरव्रतात बरं वाटायचं. मला वाटायचं, त्या महिन्यात देव रजेवर असतो."

हे त्यांनी अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं. मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. ओठ थरथरले. मला वाटलं, आता रडतील. पण त्या हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग पोट धरून. "अगं, केवढी पुण्याई गाठीला बांधत होते मी," त्या म्हणाल्या, "आणि निघाला काय, तर वात." मीही हसले. दोघी भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. इंदुवहिनी दार ढकलून डोकावल्या, आमच्याकडे पाहिलं, आणि जयूवन्संना हाक मारून म्हणाल्या, "या हो लवकर. दोघींची डोक्याची कळ गेलीय."

त्यानंतर आक्कांनी जे ठरवलं ते कुणाला विचारून ठरवलं नाही. दह्यानं कसं काही होत नाही, एवढंच त्यांनी लेकीला विचारून घेतलं. विरजणातले जीव दुधातली पुष्कळशी साखर आधीच खाऊन टाकतात, उरलेलं पोटाला झेपतं, असं वन्संनी सांगितलं. तेव्हा आक्का म्हणाल्या की मग प्रश्नच मिटला, यशोदेच्या घरी दह्याला कुणी नाही म्हटल्याचं ऐकिवात नाही. देवाला दूधच दाखवायचं. पण दाखवलं की त्याच वाटीत विरजण लावायचं आणि प्रसाद म्हणून दुसऱ्या दिवशी दही घ्यायचं.

"आणि दधिव्रताच्या महिन्यात?" इंदुवहिनींनी विचारलं. त्यांना आपल्या चहाची धास्ती अजून होती.

आक्कांनी सोप्यावर नजर फिरवली. आमचे हे दिसले. पारण्यानंतरचा दुसरा पेला दुधाचा रिकामा करून ओठांवरची साय पुसत होते.

"त्या महिन्यात प्राणेश घेईल," आक्का म्हणाल्या. "पहाटे उठून, थंड पाण्यानं अंघोळ करून. ज्यांच्या कळा उघड्या आहेत, त्यांनी जरा देवाच्या कामाला यावं."

आमचे हे तेव्हा उन्हं अंगावर आल्याशिवाय उठत नसत. त्यांनी बहिणीकडे असं पाहिलं, जणू विचारत होते की हिला पुण्याहून बोलावलं कुणी.

संध्याकाळच्या धारेचं दूध देवाला दाखवून विरजण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी कोनाड्यातलं तबक काढलं, मला पुन्हा इरकल नेसवली, आणि नारळ, खण, तांदूळ माझ्या ओटीत घातले. वाटी हातात देताना त्या माझ्या कानाशी वाकल्या. काहीतरी सांगायची रीत होती, आणि जुनं सांगणं तर आता चालणार नव्हतं. त्या तशाच थोडा वेळ वाकून राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "काही दुखलं, तर सांगायचं." दह्यातलं अर्धं मला दिलं, अर्धं त्यांनी घेतलं. आंबटगोड, घट्ट, वर बोटभर साय होती.

मी देवघर आवरून स्वयंपाकघरात आले. इंदुवहिनी तांदूळ निवडायला सूप घेऊन बसल्या होत्या. ह्या वेळी रोज जपाला बसणाऱ्या आक्का दारात उभ्या होत्या, चौकटीला हात लावून, पाहुणी आल्यासारख्या. आत यावं की नाही, त्यांना कळत नव्हतं.

"शरयू," त्या म्हणाल्या, "ह्या वेळी घरातल्या बायका काय करतात गं?"

इंदुवहिनींनी सूप थोडं पुढे सरकवलं. आक्का आत आल्या, पदर खोचून आमच्यामध्ये बसल्या, आणि पहिल्याच मुठीत खडा काढून इंदुवहिनींना दाखवत म्हणाल्या, "हा तुला दिसला नव्हता वाटतं?"